ईशान्येचा वास

आमच्या पतसंस्थेच्या नव्या हेड ऑफिसात वास यायला लागला, तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांनी शिपायाच्या पायांकडे बघितलं. आपल्याकडे कुठल्याही वासाचा तपास शिपायाच्या मोज्यांपासूनच सुरू होतो. तो बिचारा साध्या चपलेवर होता, मोजे त्यानं स्वतःच्या लग्नातसुद्धा घातले नसतील. त्यानं पाय वर करून दाखवले तेव्हा साहेब लोकांची जरा निराशाच झाली. दुसऱ्या दिवशी उंदीर मेला असं ठरलं. कपाटं हलवली, फायलींचे गठ्ठे उपसले. कुणाची तरी हरवलेली कवळी सापडली, उंदीर काही सापडला नाही. मग कँटीनच्या अंड्यांवर आळ आला. वास सडक्या अंड्यासारखा होता हे खरं, पण ऑफिसात देव बसवल्यापासून कँटीनमध्ये अंडी बंद होती. तिथं नुसते पोहे आणि उपदेश मिळायचे.

ही इमारत शिरूरच्या बाहेर, नगर रस्त्याला. चार मजले आणि पुढून सगळी निळी काच. बांधणाऱ्यानं पुण्यातली कुठलीतरी कंपनी बघितली आणि तशीच उचलून कांद्याच्या शेतात आणून ठेवली. आमचं जुनं ऑफिस गावात, सुक्या मासळीच्या दुकानांवर होतं. तिथं बोंबलाचा, पेंडीचा, खालच्या गटाराचा, सगळ्यांचा वास यायचा आणि कुणाचं नाक कधी वाकडं झालं नाही. काचेत आल्याबरोबर मात्र एकेकाला नवं नाक आलं. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी नुसती ऐकून होते. कांदेवाल्यांच्या ठेवींवर उभ्या राहिलेल्या इमारतीत ती मला रोज बघायला मिळायला लागली.

आता देव का बसवला ते सांगते. आमचे चेअरमन, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, दूध संघाच्या निवडणुकीत पडले. का पडले हे तालुक्यातल्या म्हशींनाही ठाऊक होतं. पण आप्पांना ते वास्तूत शोधायचं होतं. यवतहून एक वास्तुवाले आले. त्यांचं दुकान तिकडं हायवेला, खाली टायर आणि वर वास्तू. त्यांनी होकायंत्र घेऊन चारी मजले फिरून बघितले आणि तिसऱ्या मजल्यावर, आप्पांच्या केबिनच्या खासगी संडास-बाथरूमच्या दारात येऊन कपाळाला हात लावला.

"आप्पा, ईशान्य! ईशान्येला संडास? देवाच्या जागेवर तुम्ही रोज बसताय, मग मतपेटीत काय निघनार?"

उपाय सोपा होता. संडास काढायचा आणि तिथं देव बसवायचा. एका संचालकाच्या मेहुण्याला काम दिलं. त्यानं कमोड उचकटलं, भोकात सिमेंट भरलं, फरशी होती तशीच ठेवली आणि तिच्यावर प्लायवूडचा चौथरा ठोकला. चौथऱ्यावर ग्रॅनाइट, ग्रॅनाइटवर संगमरवरी मूर्ती, वर घुमटाची नक्षी. दार मोठं करून व्हरांड्यात काढलं, म्हणजे सगळ्यांना दर्शन. दिवाळीनंतर धूमधडाक्यात प्रतिष्ठापना झाली. वास्तुवाले म्हणाले, आता या जागी देवाचा वास राहील. तो शब्द त्यांनी फार विचार करून वापरला नसावा.

मी त्याच मजल्यावर, वसुली विभागात. राहायला कवठे येमाईला, रोज एसटीनं ये-जा. आम्ही धनगर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता कांदा आहे, ऊस आहे, स्लॅबचं घर आहे, मेंढरू औषधालाही उरलेलं नाही. उरली होती ती आबांची एक काळी घोंगडी. ती मी ऑफिसात नेली होती, कारण एसीची थंड हवा सोडणारी जाळी नेमकी माझ्या डोक्यावर होती आणि मॅनेजरसाहेबांना एसी कमी करा म्हटलं की ते ‘सेंट्रल आहे मॅडम’ एवढंच बोलायचे. सेंट्रल म्हणजे आपल्या हातात नाही, असा त्याचा अर्थ मी लावला. मग मी मांडीवर घोंगडी घेऊन बसायला लागले. दोन वर्षं बसत होते. कुणाला काही झालं नव्हतं. उलट शेजारच्या टेबलावरची ठेव विभागाची बाई दुपारी थंडी वाजली की तिचा एक कोपरा ओढून स्वतःच्या पायांवर घ्यायची.

वास सगळ्यात जास्त माझ्या टेबलापाशी यायचा. ही माझी चूक. म्हणजे तसं ठरलं.

सुरुवात त्या शेजारच्या बाईनंच केली. ही बाई माझ्या डब्यातलं कालवण चाटूनपुसून खाणारी. एके सकाळी पदर नाकाला लावून, अगदी गोड आवाजात मला म्हणाली, "ताई, रागवू नका हं, पण ही घोंगडी तुम्ही धुता का हो कधी?" मी म्हटलं, "तुमच्या पायांवर असायची तेव्हा नाही विचारलंत." पण शब्द सुटला होता. दुपारपर्यंत तो खालच्या मजल्यावर पोचला आणि संध्याकाळपर्यंत घोंगडीचं मेंढरू झालं. दुसऱ्या दिवशी वसुलीच्या दोन पोरी माझ्याकडे सही घ्यायला आल्या त्या श्वास धरून. सही होईपर्यंत एकीचा चेहरा लाल झाला होता.

मी ते घरी सांगितलं. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी घोंगडी हातात घेतली, नाकाला लावली आणि म्हणाले, "हिला घोंगडीचा वास येतो. दुसरा कशाचा यील?"

बरोबर होतं त्यांचं. घोंगडीला लोकरीचा वास असतो, चिंचोक्याच्या खळीचा असतो, कधी चुलीच्या धुराचा असतो. मेंढराचा वास मला माहीत आहे, भिजल्या मेंढराचाही माहीत आहे. त्यात उबदार असं काहीतरी असतं. ऑफिसातला वास गार होता, ओला होता आणि माणसाचा होता. ज्यांच्या आज्या शेणानं अंगण सारवायच्या त्यांना एवढा फरक कळू नये? पण त्यांना कळून घ्यायचंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्यासी तरी सोयीचा हवा, आणि मी सोयीची होते.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मोगऱ्याच्या स्प्रेची बाटली होती. तो स्प्रे महिनाभर सगळ्या मजल्यावर मारून आम्ही काय मिळवलं, तर गटारात पडलेला मोगरा.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. वाईट वाटेल असं बोलायचं असलं की शिकलेली माणसं अशी सुरुवात करतात. "दौंड ब्रँचला जागा रिकामी आहे. तिथं एसी नाही, मोकळं असतं. तुम्हाला घोंगडीचीही गरज पडणार नाही. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतोय."

"कशाबद्दल बदली?"

"बदली म्हणजे… तुमच्याच सोयीसाठी."

कवठे येमाईहून दौंड म्हणजे एका तालुक्याच्या टोकावरून दुसऱ्या तालुक्याच्या टोकाला. त्याचंही मला काही नव्हतं. वसुलीसाठी मी याहून आडवाटेनं फिरले आहे. पण मी वासाची बाई म्हणून जाणार होते. या संस्थेत मी कारकून म्हणून लागले, विभाग सांभाळला, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता ब्रँच मॅनेजर आहेत. आणि माझ्यामागं काय राहणार होतं, तर ‘ती मेंढराचा वास यायचा ती’. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. माझ्यासाठी सगळ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट होती. बाकी ती इमारत वासानं कोसळली असती तरी मी लांबून बघत उभी राहिले असते.

म्हणून मी वास शोधायचं ठरवलं. अकलेचे कांदे जमले असले की एकानं तरी नाक वापरावं लागतं.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती वीज गेल्यावर. लाइट गेली, जनरेटर चालू व्हायला उशीर झाला, एसी बंद पडला आणि वास गेला. घोंगडी माझ्या मांडीवरच होती. एसी चालू झाला, वास परत. मी शेजारणीला म्हटलं, "बघा, घोंगडी विजेवर चालते." ती हसली नाही.

म्हणजे वास हवेबरोबर वरून, जाळीतून माझ्या डोक्यावर पडत होता. आता हवा सोडणारी जाळी माझ्यावर, तर हवा ओढणारी कुठं? मी मान वर करून सगळा मजला फिरले. ती सापडली व्हरांड्यात, देवघराच्या दाराच्या अगदी वर. तिथं उभं राहिलं की मात्र वास येत नव्हता, कारण तिथं दिवसभर उदबत्त्यांचा जुडगाच्या जुडगा जळत असायचा. उदबत्तीच्या मागं काय आहे ते कुणाला कळणार? आप्पांनी तर उदबत्त्या वाढवल्या होत्या, वास देवापर्यंत जाऊ नये म्हणून.

मी एक उदबत्ती उचलली आणि तिचा धूर बघत बघत निघाले. माझं टेबल, खिडकीची काच, संडास, कँटीनचं दार. लोकांना वाटलं मी जागा शुद्ध करतेय. एकजण कौतुकानं म्हणालासुद्धा, "मॅडमना पटलं शेवटी." सगळीकडे धूर सरळ वर जायचा किंवा एसीकडे वळायचा. देवघरात आले आणि उदबत्ती चौथऱ्याच्या पायथ्याशी, प्लायवूड आणि फरशी यांच्या फटीपाशी धरली, तेव्हा धूर माझ्याकडे आला. फटीतून कुणी फुंकर घालावी तसा.

हा धूर नवा नव्हता. महिनाभर रोजच्या आरतीत तो असाच लोकांकडे झुकत होता, आणि आप्पा डोळे मिटून सांगत होते, "बघा, देव आपल्याकडं झुकतोय. जागा जागृत झाली." सगळे हात जोडत होते. पंचवीस-तीस शिकलेली माणसं, त्यात दोन बी.कॉम. आणि एक वकील, गटाराच्या वाऱ्याला रोज नमस्कार करत होती.

गटाराचा, हे मला तिथल्या तिथं कळलं, कारण मला ती जागा आधीची आठवत होती. संडासाचं भोक मेहुण्यानं बुजवलं होतं, पण बाथरूमच्या कोपऱ्यातली, पाणी वाहून जायची न्हाणी? चौथऱ्याच्या बाजूला तेलाचे डबे ठेवायला कप्पा करून त्याला छोटं झाकण लावलं होतं. मी ते उघडून मोबाइलचा उजेड आत टाकला. न्हाणीची जाळी तशीच होती, फरशीचा उतारही तिच्याकडेच होता. जाळी कोरडी ठणठणीत, वर धुळीचा थर.

आमचं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा नळाचं काम करायला आलेला उत्तरेकडचा माणूस आईला बजावून गेला होता, "माताजी, नानी में पानी डालते रहना." आई घाबरली, हा नानी म्हणजे कुणाबद्दल बोलतोय म्हणून. नंतर कळलं, न्हाणीच. आपलाच शब्द, कामगारांबरोबर हिंदुस्थान फिरून ‘नानी ट्रॅप’ होऊन घरी परत आलेला. जाळीच्या खाली एक वाटी असते, त्या वाटीत पाणी साचून राहतं, आणि ते पाणी गटाराची हवा वर येऊ देत नाही. पाणी आटलं की हवा मोकळी. लग्नाला चार दिवस गावाला जाऊन आलं की बंद बाथरूम असंच घाण मारतं, तांब्याभर पाणी ओतलं की थांबतं. तालुक्यातल्या प्रत्येक नव्या बंगल्यातल्या बाईला हे माहीत आहे. आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक माणसाच्या बायकोला माहीत असणार.

मी मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितलं, "वास देवाखालच्या न्हाणीतून येतोय. बादलीभर पाणी ओता."

ते खुर्चीतून अर्धे उठले. "हळू बोला, मॅडम!"

"हळू बोलून वास कमी होणार आहे का?"

पण ते मला आप्पांकडे घेऊन गेले. मी पुन्हा सगळं सांगितलं, जाळी, वाटी, पाणी. आप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी आमच्या देवाला वास येतो म्हनताय तुम्ही?"

"देवाला नाही आप्पा. खालच्या न्हाणीला."

"तिथं न्हानी न्हाई. तिथं देव हाय. न्हानी व्हती तवा व्हती." त्यांनी कानाला हात लावला. "वास्तू तथास्तु म्हनते, मॅडम. अभद्र बोलू नये वास्तूत. तुम्ही असं करा, आठ दिवस ती घोंगडी घरी ठिवा. वास ऱ्हायला तर तुमचं खरं. गेला तर मीटिंगीत बघू."

मला मनातून हसू आलं. घोंगडी नेली म्हणून कोरडी न्हाणी काही ओली होणार नव्हती. आठ दिवस गप्प बसलं की झालं. मी त्याच संध्याकाळी घोंगडी पिशवीत घालून एसटीत बसले, आणि कित्येक दिवसांनी मला खिडकीशी बसून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर देवघरासमोर गर्दी. मी देवाचा अपमान केला होता ना, म्हणून आप्पांनी ब्राह्मण बोलावून शुद्धीचा अभिषेक ठेवला होता. दूध, दही, मध आणि पाणी. पाणी तर कळशांवर कळशा. आप्पा स्वतः ओतत होते, संचालक ओतत होते, शेजारची बाईसुद्धा पदर खोचून ओतत होती. ग्रॅनाइटवरून ते पाणी चौथऱ्याच्या कडेनं खाली जात होतं आणि दिसेनासं होत होतं. मी मागं उभी राहून बघत होते. एवढ्या मोठ्या हेड ऑफिसात ते पाणी कुठं जातंय हे मला एकटीला माहीत होतं.

शेवटी आप्पांनी रिकामी कळशी वर धरली. "बघा! एवढं पानी घातलं, एक थेंब भाईर आला न्हाई. देवानं पिऊन घेतलं!"

"आप्पा, उतार न्हाणीकडे आहे," मी म्हटलं. माझा आवाज घंटेत बुडाला. की लोकांनी बुडवला, कुणास ठाऊक.

दुपारपर्यंत वास गेला. अर्थातच गेला. घोंगडी गेली, अभिषेक झाला, वास गेला, आता आणखी पुरावा कुणाला हवा होता? शेजारची बाई मला म्हणाली, "ताई, बरं झालं हो, तुमचंही नाव निघालं असतं उगाच." जसं काही निघालं नव्हतं. मीटिंगमध्ये माझ्या बदलीचा विषय आप्पांनी मोठ्या मनानं मागं घेतला. मला बोलावून म्हणाले, "ऱ्हावा हितंच. मानसाकडनं व्हतं. पुढं ध्यान ठिवा." मला माफ केलं त्यांनी! मी त्यांच्यापुढं उभी, हातात वसुलीची फाइल, आणि ज्या गोष्टीत माझा केसाइतका दोष नव्हता तिची मला माफी मिळाली होती. इतका संताप मला उभ्या जन्मात आला नाही. कारण माफीवर भांडता येत नाही. आरोप असता तर मी तो फाडून खाल्ला असता.

मी पाणी आटेपर्यंत थांबायचं ठरवलं. पुढं पावसाळा लागला, हवा ओली, दोन-तीन वेळा अभिषेकही झाले, त्यामुळं बरेच दिवस गेले. मी रोज सकाळी येऊन खुर्चीत बसले की आधी नाक उघडायची. वासाची अशी वाट कुणी बघितली नसेल. दसरा झाला, उन्हं परत तापली, आणि एका सोमवारी माझ्या डोक्यावरच्या जाळीतून तो आला. तोच गार, ओला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. घोंगडी घरी होती. आता काय म्हणतील?

मॅनेजरसाहेब माझ्या टेबलापाशी आले. आधी त्यांनी माझ्या खुर्चीखाली बघितलं. मग पिशवीकडे बघितलं. मी पिशवी उघडून त्यांच्यासमोर ओतली: डबा, पाण्याची बाटली, छत्री, चष्म्याचं घर. ते जरा वाकले, माझ्या खांद्याजवळ हवा ओढली आणि अगदी सहानुभूतीनं म्हणाले, "मॅडम, घरी परत मेंढरं घेतली का?"

सगळा मजला ऐकत होता. मी उठले. संडासात जाऊन बादली भरली आणि व्हरांड्यातून सगळ्यांच्या देखत देवघरापर्यंत नेली. पाणी माझ्या साडीवर सांडत होतं. मी झाकण उघडलं, तेलाचे डबे बाहेर काढून ठेवले आणि बादली उपडी केली. घळघळ घळघळ असा आवाज आला, जो जगातल्या कुठल्याही माणसाला ओळखता येतो. मग मी वळून म्हटलं, "हा आवाज मेंढराचा आहे का, साहेब? आप्पांच्या संडासाशेजारची न्हाणी आहे ती. तिला तुम्ही वर्षभर हात जोडताय, आणि तिचा वास माझ्या बापाच्या घोंगडीला लावताय."

चहा येईपर्यंत वास गेला. शेजारची बाई फायलीत डोकं घालून बसली होती, फाइल उलटी होती. मला वाटलं, झालं. आता झालं. मी चहा प्याले, आणि तो मला गोड लागला.

पुढं काय झालं तर देवाला रोज अभिषेक सुरू झाला. वास पुन्हा कधीच आला नाही. का सुरू झाला हे कुणी बोललं नाही, माझं नाव तर अजिबातच निघालं नाही. आणि दिवाळी झाल्यावर माझ्या हातात दौंडची ऑर्डर पडली. कारण, प्रशासकीय. आप्पा म्हणाले, "वास्तूत भांडन करनारं मानूस वास्तूला मानवत न्हाई." मी भांडले नाही. मला वाटलं, जाऊ दे, खरं काय ते सगळ्यांनी कानांनी ऐकलंय. ज्या गोष्टीसाठी जीव टाकला ती तर मिळाली. आता दौंडला मी वसुलीची बाई म्हणूनच जाईन.

दौंडला पोचले तेव्हा थंडी कडाक्याची होती. स्टेशनवरून चालत ब्रँचला गेले तर बोटं बधिर झाली होती. लहानशी ब्रँच, चार टेबलं, जुन्या भिंती. कॅशला एक तरुण पोरगी होती, ती लगबगीनं उठली, वाकून नमस्कार केला. हेड ऑफिसचं माणूस म्हणून भलताच आदर. "या मॅडम, हे तुमचं टेबल," म्हणाली. खुर्ची पुसलेली होती, पाण्याचा ग्लास भरून झाकून ठेवला होता.

छताला चार पंखे होते. तीन बंद होते. माझ्या टेबलावरचा तेवढा जोरात फिरत होता.

मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. ती पोरगी निष्पाप चेहऱ्यानं म्हणाली, "हेड ऑफिसातून फोन आला होता मॅडम, तुमच्याकडं जरा हवा खेळती लागते म्हणून." तिला कुणाचा अपमान करायचा नव्हता. तिला सांगितलं होतं तेवढं तिनं केलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले.

"बंद कर पोरी तो पंखा," मी म्हटलं. "मला थंडी वाजतेय."

तिनं लगेच पंखा बंद केला. मग दारापाशी गेली, आणि दार सताड उघडं करून ठेवलं.